सायमनचे राहिलेले आभार

सेलिना रणदिवे हिच्या पायाला भिंगरी आणि ओठाला जपमाळ. साताऱ्यात सदरबझारातल्या एका खानावळीत ती चपात्या लाटते आणि लाटता लाटता जप करते. एका चपातीला एक ‘नमो मरिया’, दहा झाल्या की एकदा स्वर्गातल्या बापाची प्रार्थना, मग पुढच्या दहा. बोटं पिठाची, मणी धरणार कशाने? म्हणून चपात्याच मणी झाल्या. तिथं जेवणाऱ्या पोरांना पत्ताच नाही, की आपण रोज जपमाळ फस्त करून ढेकर देत उठतो. तिचं मन थाऱ्यावर असलं की चपातीला पदर सुटतात. नसलं की पापड. आणि गेल्या डिसेंबरात मालक रोज कावत होता, की बाई, हे पापड मी कुणाच्या ताटात वाढू?

कारण होतं तिचा नवरा, सायमन. उन्हाळ्यातल्या ईस्टरपासून त्याने दारूला हात लावला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मग आनंद करावा की! करता येत नाही हो. ज्या बाईने लग्नापासून नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून ताट वाढायचं की लपवायचं हे ठरवलं, तिला सुख लगेच पचत नाही. त्याच्या आदल्या नाताळात तर कळस झाला होता. हा गडी तर्र होऊन चर्चमध्ये मांडलेल्या येशूजन्माच्या देखाव्यावर, त्या गव्हाणीवरच आडवा पडला. बाळ येशू वाचला, पण संत योसेफाची मान मोडली. सगळ्या लोकांदेखत. त्यांची मुलगी क्रांती शिरवळला कंपनीत नोकरी करते. ती तशीच पहाटेच्या गाडीने निघून गेली आणि नंतर बापाशी एक शब्द बोलली नाही. यंदा मात्र ती चोवीस तारखेला घरी येणार होती. आणि यंदा गव्हाणी बांधायचं काम सायमनने आपणहून अंगावर घेतलं होतं. म्हणजे सगळ्या लोकांचे डोळे त्याच्यावर, आणि सेलिनाचा जीव टांगणीला.

ती एका जागी बसेना. सायमन नईमभाईच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर कामाला, लोखंडी गेटं बनवतो. त्याला यायला जरा उशीर झाला की ही दारात, दारातून बोळात, बोळातून नाक्यावर. तो आला की लगेच शर्ट मागायची, म्हणे धुवायचाय. शर्टाची कॉलर नाकाशी न्यायची. पाण्याचा तांब्या देताना उगाच जवळ वाकायची. आपलं हे हुंगणं त्याला कळत नाही असं तिला वाटायचं. घ्या! वेल्डिंग करणारा माणूस, डोळ्यावर काच लावतो म्हणून काय आंधळा असतो?

त्यात फादरांनी एक नवीन काढलं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्याच रविवारी त्यांनी वेदीवरून सांगितलं, की तुम्ही मंडळी देवाकडे मागता फार. नाताळपर्यंत रोज संध्याकाळी घरात जपमाळ झाली की प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. मोठ्याने मानायचे, बाकीच्यांनी ऐकायचे.

सेलिनाने हे मनावर घेतलं. नळाला दोन वेळ पाणी आलं, देवा तुझे आभार. गॅसची टाकी वेळेवर आली, आभार. शेजारच्या रंगूबाईच्या शेळीला दोन करडं झाली, त्याचेही आभार. फ्लॉवर किडका निघाला नाही, त्याचेसुद्धा. सायमन मात्र रोज एकच वाक्य म्हणायचा, की आजचा दिवस गेला, देवा, तुझं आभार. मग डोळे मिटून तसाच गप्प बसून राहायचा, तिचं ऐकत. तिचं झालं तरी लगेच उठायचा नाही. तिला वाटायचं, माणूस भक्तीला लागला.

जी एक गोष्ट तिच्या मनात चोवीस तास घोळत होती, ती तिने देवापुढे एकदाही काढली नाही. का? तर दृष्ट लागेल. पूर्वी एकदा सायमनने महिनाभर सोडली होती, तेव्हा संत अंतोनीच्या सणाला हिने हरखून चर्चच्या दारात पेढे वाटले, ज्याला त्याला सांगितलं की ह्यांची सुटली. आठवडा सरला नाही तोवर त्याला गटाराच्या काठावरून उचलून आणावा लागला. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं, की चांगलं झालेलं तोंडातून काढायचं नाही. गळ्यात क्रूस आणि मुठीत मीठ-मोहऱ्या, अशी ही आमची बाई! फादर रागवायचे, ही मान खाली घालून ऐकायची आणि घरी येऊन पुन्हा दृष्ट काढायची.

चोवीस तारखेला सकाळी सायमन आणि नईमभाई कोरेगावला एक गेट बसवायला गेले. दुपारी सेलिना शेडवर गेली तर नईमभाई एकटाच परतलेला. त्याने सांगितलं, की काम कधीच संपलं, सायमन गव्हाणीच्या छपराला उसाचं पाचट आणायला मागे थांबलाय, एसटीने येईल. तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. नाताळचा दिवस तोंडावर, खिशात आठवड्याची मजुरी, फोन बंद, आणि गडी एकटा. खानावळीतली संध्याकाळची कणीक परातीत तशीच राहू देत तिने शेडवरूनच स्टँड गाठला आणि कोरेगावची गाडी धरली.

गाडीत बसायला जागा होती, पण ही उभीच. बटव्यातली जपमाळ बोटात फिरत होती आणि डोळे खिडकीबाहेर. रस्त्याकडेला एकेक बार दिसला की ‘नमो मरिया’ अर्धवट राहायची आणि ही मान काढून बघायची, त्याचा निळा शर्ट दिसतो का. मध्येच मुडद्याला शिव्या घालायची, मग मरिया मातेची माफी मागायची, मग पुन्हा शिव्या. क्रांती घरी येईल आणि बाप पुन्हा तसाच दिसेल, तर पोरगी ह्या जन्मात उंबरा चढायची नाही, हे तिला दिसत होतं. देवा, एवढा एक दिवस निभावून ने, असं ती म्हणत होती. रोज हेच म्हणायची, रोज एकाच दिवसासाठी.

कोरेगावच्या स्टँडवर उतरली तर सायमन समोरच. पाचटाच्या भाऱ्यावर बसलेला, अंगभर कुसळं. दोन कंडक्टरांनी भारा गाडीत घेऊ दिला नव्हता. ती तरातरा गेली आणि खांद्यावरचं पाचट झटकायच्या निमित्ताने त्याच्या तोंडाशी वाकली.

“घे की नीट वास,” तो म्हणाला. “रोज घेतीस, आज लाजतीस व्हय?”

सेलिनाचं तोंड एवढंसं झालं. वास नव्हता. पण त्याचे डोळे लाल होते, आणि ते तिने कधी न पाहिलेल्या तऱ्हेने, रडल्यासारखे, लाल होते. तिने फोनचं विचारलं. तो म्हणाला, मुद्दामच बंद केला. फोन वाजला की तुझं एकच विचारणं, प्यालात का, मग उचलायचा कशाला?

“आज दारूच्या दुकानाच्या दारापातूर गेलतो,” तो खाली बघत म्हणाला. “म्हनलं, न प्यायल्याचं हितं कुनाला काय हाय? गॅसच्या टाकीचं आभार मानलंस. रंगूबाईच्या करडांचं मानलंस. फ्लॉवरचं सुदिक मानलंस. मी रोज डोळं मिटून बसतो, म्हनतो आज माझं नाव घील. माझं कवा गं?”

सेलिना त्याच्याशेजारी भाऱ्यावर बसली. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला वाटत होतं की आपण त्याला जपतोय, आणि तो बिचारा रोज संध्याकाळी पानावर बसून उपाशी उठत होता.

“आवं, भ्या वाटतं मला,” ती म्हणाली. “तोंडातनं काढलं की नजर लागती. मागं लागलीच की.”

“मागं नजर न्हवती लागली,” सायमन म्हणाला. “मागं मीच प्यालो हुतो.”

इतक्या वर्षांत त्याने कधी मित्रावर ढकललं, कधी मुकादमावर, कधी तिच्याच तोंडावर. मीच प्यालो, हे आज पहिल्यांदा म्हणाला. तिला रडू फुटलं आणि रागही आला, की हे सांगायला एवढी वर्षं लावली मेल्याने! स्टँडवर माणसांची ही गर्दी, कोणी बोचकी सांभाळतंय, कोणी शेंगा खातंय. तिने पदराने नाक पुसलं आणि तिथंच क्रुसाची खूण केली.

“देवा,” ती म्हणाली, “माझा नवरा आज प्याला न्हाई. दारापातूर गेला आन् माघारी आला. तुझं लय आभार. आन् ह्येंचं बी.”

म्हणाली खरी. आता उद्या काय वाढून ठेवलंय कोण जाणे, असं वाटून तिने बटवा चाचपला. मीठ-मोहऱ्या जवळ नव्हत्या. भीती कुठं गेली नव्हती, तिथंच होती, पण शब्द आता परत घेता येत नव्हते.

“आमेन,” सायमन म्हणाला. मग म्हणाला, “कालचं राहिलंय.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. तिने कालचे आभार मानले. त्याने आमेन म्हटलं आणि परवाचे मागितले.

शेवटी गुळाच्या ढेपा घेऊन साताऱ्याला निघालेल्या एका टेम्पोवाल्याने त्यांना भाऱ्यासकट मागे घेतलं. गार वाऱ्यात पाचटाला टेकून दोघं बसली. ती एकेक दिवस मागे जात आभार मानत होती. हा दिवस तुमी पगाराचं पाकीट तसंच आणून दिलंत. ह्या दिवशी तुमचा मित्र मेला, तरी तुमी कोरडं आलात. एखादा दिवस आठवला नाही की ती अडायची, मग तो आठवण करून द्यायचा. त्याला प्रत्येक दिवस पाठ होता. साताऱ्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती गणपतीपर्यंत पोचली होती. ईस्टर अजून लांब होता, आणि सायमन ऐकत होता.