चंद्रीच्या नावावरचा दमा

पुढचे पाच किस्से मी सुनंदाअक्कांकडून ऐकले. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या आळंदहून निंबर्ग्याला जाणाऱ्या जीपमध्ये, तुरीच्या राशी, म्हणजे मळणी, चालू असलेल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी. अक्का आमच्या प्रकल्पाच्या आरोग्यसेविका, मी एम.ए. करून गेल्या वर्षी नोंदणीच्या कामावर रुजू झालेलो. दमा असलेल्या मुलांच्या घरी मोबाईलवरून रोज पंपाची आठवण द्यायची आणि आलेली उत्तरे कंप्युटरात जमवायची, एवढेच आमचे काम. उत्तरे थोडी जमली, किस्से फार! अहवालात त्यांच्यासाठी रकाना नाही, म्हणून येथे लिहितो.

सगळे एकाच घरचे आहेत. आठ वर्षांची रेणुका, तिला दमा. आई कलावती, वडील तिपण्णा, आणि आजोबा बिरप्पाअज्जा. अज्जा पूर्वी कळप घेऊन रानोमाळ फिरत. आता दारात चार मेंढ्या उरल्या आहेत.

*

पहिला संदेश आम्ही शुद्ध मराठीत पाठवला. त्या स्वस्त मोबाईलला देवनागरी वाचता येत नसे. एकेका अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटे. अज्जांनी ते चौकोन गल्लीभर दाखवले.

दुसऱ्या दिवशी अक्का गेल्या, तर ओट्यावर सात-आठ माणसे रेशनकार्ड घेऊन बसलेली!

"अक्का, मोबाईलात यवढी घरं दिसत्यात, मंजूर झाली म्हणं. ह्यातलं आमचं कंचं?"

त्या दिवशी पंपाविषयी बोलायला अक्कांना दुपार झाली.

*

घरात मोबाईल एकच. दिवाळीनंतर तिपण्णा सेंट्रिंगच्या कामावर पुण्याला गेला आणि मोबाईलही त्याच्या खिशातून तिकडेच गेला. संध्याकाळी सातला संदेश जाई. मुलीने पंप घेतला की मिस्ड कॉल द्यायचा, असा नियम. मिस्ड कॉल एकही दिवस चुकला नाही. एका संध्याकाळी तर चार आले, चार वेगळ्या नंबरांवरून!

अक्कांनी फोन लावला.

"मी स्लॅबवर होतो, अक्का. सोबतच्यांना सांगून ठिवलं, पोरीचा पंप चुकू देऊ नका रे."

"आन् पंप कुठंय, तिपण्णा?"

"पंप गावाकडं." मग, "खरंच की वो, अक्का!"

महिन्याभराने त्याने गावाकडे दुसरा मोबाईल पाठवला.

*

वाचता न येणाऱ्यांसाठी मग रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला. फोन अज्जा उचलत.

"नमस्कार. पंप घेतला असल्यास एक दाबा."

"नमस्कार, बाई. जेवलीस का?"

"पंप घेतला असल्यास एक दाबा."

अज्जांनी अक्कांकडे तक्रार केली. "रोज फोन करती, पण बसून दोन शब्द बोलायला यळ न्हाई तिला. तुझ्यावाणीच हाय बघ!"

मी हसलो. अक्कांनी लगेच पुढचा किस्सा काढला.

*

श्वास मोजायची एक नळी आम्ही घरोघरी दिली होती. जोरात फुंकली की काटा सरकतो. तो आकडा मोबाईलवरून कळवायचा. कलावतीला अक्षरे येत नाहीत, आकडे तेवढे येतात. तिच्याकडून रोज तीनशे ऐंशी येई. बैठकीत डॉक्टरांनी विचारले, "आठ वर्षांची पोर आहे की पहिलवान?" सगळे हसले. पण कंप्युटरवर रेणुकाचे नाव हिरवेगार होते, आणि त्या हिरव्यावर विसंबून तिच्या पंपाची मात्रा कमी झाली.

अक्कांना ते पटेना. एका सकाळी त्या न कळवता गेल्या. जोंधळ्याच्या खळ्यांचे दिवस, हवेत भुसा. रेणुका उंबऱ्यावर गुडघ्यांना हात टेकून बसलेली, खांदे वरखाली, छातीतून शिट्टी. आत चुलीपुढे कलावती स्वतः नळी फुंकत होती. जन्मभर फुंकणीने चूल फुंकलेली बाई, काटा पळणारच!

"कामून गं, कलावती?"

"तिचा नंबर लई कमी येतो, अक्का. कंप्युटरात गेलेलं परत निघत न्हाई म्हणं. पोरीची जात. उद्या सोयरीक घिऊन यणारा ते बघितला तर?"

"आन् तवर तिचा दम कुणी घ्यायचा? त्यो बी तूच घेतीस व्हय?"

कलावतीने नळी खाली ठेवली.

*

अक्कांनी तिथेच तोड काढली. रेणुकाचे नाव कमी करायचे, दुसरे घालायचे, आकडे मात्र खरे द्यायचे. कुणाचे नाव? अज्जा म्हणाले, "आमच्या चंद्रीचं घाला. तिला कोण बघायला यतंय!"

'चंद्री, वय आठ' ही नोंद मीच केली होती. चंद्री ही मेंढी आहे, हे मला त्या जीपमध्ये कळले!

खरे आकडे येऊ लागले, मात्रा वाढली, रेणुका शाळेत जाऊ लागली. मग तुरीच्या राशी सुरू झाल्या आणि जीपमधल्या त्या बुधवारच्या पंधरवडाभर आधी एका सकाळी चंद्रीचा आकडा आला, नव्वद. लाल. अक्कांनी जीप पळवली. तालुक्याच्या दवाखान्यात कलावतीने केसपेपरवर 'चंद्री'च सांगितले. रेणुकाच्या तोंडावर वाफेचा मास्क चढला. संध्याकाळपर्यंत दम खाली बसला.

त्या बुधवारी रेणुकाच्या घरी जाऊन तो केसपेपर मी पाहिला. 'चंद्री'वर आडवी रेघ, खाली वाकड्या अक्षरांत 'रेणुका'. अक्षर रेणुकाचे आहे. तिच्या शाळेच्या वहीशी मी ताडून पाहिले.

रेघ कोणी मारली, याची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही. अक्का म्हणतात, कलावतीने. पण त्या वेळी अक्का स्वतः औषध आणायला गेल्या होत्या. रेणुका नुसती हसते. कलावतीला विचारले, तेव्हा तिने केसपेपर माझ्या हातातून घेतला, नीट घडी घालून डब्यात ठेवला आणि म्हणाली,

"मला कुठं लिवता यतंय, सर?"