देवूच्या आईचा अंगठा

१० डिसेंबर २०२४ रोजी भावना चुरी यांनी सरावलीहून पामजवळच्या वीटभट्टीवर जायला रिक्षाला एकशे ऐंशी रुपये दिले. रिक्षावाला पावती देत नाही, म्हणून ती मागितली नाही.

मूळच्या त्या गणिताच्या शिक्षिका. संगणक चालवता येतो एवढ्याच गुन्ह्यावर पालघरच्या कार्यालयात बसवल्या गेल्या. आधी प्रिंटर दुरुस्त करायच्या, मग मुख्याध्यापकांचे पासवर्ड सांभाळू लागल्या. आता कोणत्या शाळेत किती गुरुजी राहणार, हेही त्यांच्या पडद्यावर ठरू लागले होते. पगार तोच, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

डोंगरातल्या सुजीत गुरुजींच्या शाळेत एक मूल कमी भरत होते. महिनाअखेर ते भरले नाही तर दोनातला एक शिक्षक जाणार होता. ते मूल म्हणजे देवू. शाळेत त्याची जन्मतारीख एक जून, आधारवर एक जानेवारी. दोन्ही कोणीतरी अंदाजाने टाकलेल्या, आणि त्या जुळेपर्यंत देवू पटावर धरला जात नव्हता. दुरुस्तीला आईचा अंगठा हवा होता आणि आई जमना या भट्टीवर विटा पाडत होती. सुजीत गुरुजी देवूला घेऊन आधीच तिथे आले होते.

जमनाने हात धुतले, भावनाताईंनी आणलेल्या यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच.

"घासून घासून रेघाच गेल्या, बाई," जमना म्हणाली. "तुमच्या मशीनला माती चालत नाय, न माझ्याकडं दुसरं काय हाय?"

"अंगठा डोक्याला घास. तेलकट झाला की घेतं कधी कधी."

"तिच्या केसातबी मातीच हाय," देवू म्हणाला.

सुजीत गुरुजी हसले. भावनाताईंनी सकाळीच तेल लावून वेणी घातली होती. त्या खाली वाकल्या.

"घास माझ्या डोक्याला."

"तुमच्या? नको बाई."

"घास गं. मान दुखतेय माझी."

जमनाने त्यांच्या भांगावरून अंगठा फिरवला आणि काचेवर टेकवला. यंत्राने घेतला.

आठवड्याने देवूचे नाव पडद्यावर हिरवे झाले. दुसरा शिक्षक राहिला. सुजीत गुरुजींचा फोन आला तेव्हा भावनाताई दुसऱ्या शाळेची यादी उघडत होत्या. तिथे अशी अकरा मुले होती.

"एक सांगायचं राहिलं, ताई," गुरुजी म्हणाले. "काम थांबलं म्हणून मालकानं जमनाची अर्धी मजुरी कापली. दोनशे रुपये."

"मी देते," भावनाताई म्हणाल्या.

ते दोनशे रुपये अजून द्यायचे आहेत.