क्लेमची पिवळी डबी

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कापुंडा गावात कुणाच्या शेडमध्ये लोकर असते, कुणाच्या ट्रॅक्टर. क्लेम ट्रेगेनझाच्या शेडमध्ये समोरून दार उघडणारी गाडी आहे, तीन चाकांची आहे आणि एक तर पाण्यावर तरंगते म्हणे. ती तरंगताना मी पाहिली नाही. बुडताना पाहिली आहे.

त्याच्या कुंपणापलीकडे मी तीस वर्षं राहते. धान्याच्या कोठारावर नोकरी करून या माणसानं उभा जन्म काय केलं, तर जगानं शहाणपणानं टाकून दिलेल्या गाड्या गोळा केल्या. नवी गाडी आली की सकाळी सातला कुंपणावरून हाक यायची, "अगं ये लवकर! असली तू जन्मात पाहिली नसशील!" आणि खरंच, पाहिलेली नसायची.

त्याचा सगळा जीव पिवळ्या डबीत. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यानं कधीकाळी काढलेली ती चिमुकली गाडी. तिला मागे जायचा गिअरच नाही! इंजिन बंद करायचं, उलट्या दिशेनं फिरवून पुन्हा सुरू करायचं, की चारही गिअर मागे जायला मोकळे. हे सांगताना क्लेमला धड श्वास घ्यायचंही भान नसायचं.

त्याची बायको डल्सी चाळीस वर्षांत यातल्या एकाही गाडीत बसली नव्हती. "त्या खेळण्यात बसायला मी काय बाहुली आहे?" गाड्यांपायी तिचं शिवणाचं मशीन व्हरांड्यात आलं, तेव्हा मात्र तिचा संयम सुटला.

"ॲडलेडचं गिऱ्हाईक डबी मागतंय," तिनं बजावलं. "मिरवणुकीत खाणीची टेकडी चढली तर राहील. नाही चढली तर त्याच दिवशी जाईल."

क्लेम हो म्हणाला. वेडाच तो!

आमची जुन्या गाड्यांची मिरवणूक ऑक्टोबरात बेकरीपासून निघते आणि टेकडीवरच्या खाणीच्या धुराड्यापाशी संपते. नियम एकच: गाडीला धक्का लावायचा नाही. लावला की नाव बाद.

त्या दिवशी गिऱ्हाईक ट्रेलर घेऊन टेकडीच्या पायथ्याशीच उभं. डल्सीनं सकाळीच डबीत खाऊचा डबा ठेवला होता. दरवर्षी त्यात क्लेमपुरती एकच पेस्टी असते, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजीच, कोपऱ्यावर क्लेमच्या नावाचं कणकेचं 'सी' अक्षर. आम्हा खाणवाल्यांची ही जुनी रीत, म्हणजे एकाची पेस्टी दुसरा खात नाही.

डबी निम्मी टेकडी झोकात चढली. मग खडीवर चाकं जागच्या जागी फिरायला लागली, आणि गाडी हळूहळू मागे घसरली.

"क्लेम, गाढव जुंप रे!" गर्दीतून कुणी ओरडलं.

"धक्का देऊ का, म्हाताऱ्या?"

"खबरदार, हात लावलास तर!" क्लेम आतून ओरडला.

खाली गिऱ्हाइकानं ट्रेलरची फळी पाडली.

गाडी पायथ्याशी येऊन थांबली. क्लेम खाली उतरला, चाकांकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं, आणि एकदम टाळी वाजवून नाचायलाच लागला. "ओढतात पुढची चाकं, आणि चढावर वजन जातंय मागे! उलटी चढवली तर सगळा भार ओढणाऱ्या चाकांवर!"

त्यानं डबी फिरवली, इंजिन बंद केलं, उलटं सुरू केलं. फटफट आवाज आला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. पण क्लेम जागचा हलेना.

"माझी मान वळत नाही गं," तो मला खिडकीतून म्हणाला. "मागचं दिसणार कसं? एका बाजूला चर आहे."

मी काही बोलायच्या आत डल्सी गर्दीतून टोपीसकट पुढे आली, दार उघडून त्याच्या शेजारी बसली आणि सीटवर गुडघे टेकून मागे तोंड केलं.

"तू गाडी बघ. रस्ता मी बघते."

"डल्से..."

"चल आता!"

डबी निघाली. बाई काय ओरडत होती! "डावीकडे! अरे तुझं डावं नव्हे, माझं! चर आला, चर!" खडी उडत होती, पण चाकं आता घसरत नव्हती. अख्खं गाव बाजूनं धावत होतं, माझ्या दुखऱ्या गुडघ्यांसकट मीही. डबी धुराड्यापाशी पोचली आणि आम्ही असे ओरडलो की खाणीवरचे काकाकुवे उडाले.

गिऱ्हाईक धापा टाकत वर आलं. डल्सीनं खिडकीतून डोकं काढलं. "ट्रेलर घरी ने, बाबा."

क्लेमनं खाऊचा डबा उघडला. आत दोन पेस्ट्या होत्या. एकीवर 'सी', दुसरीवर 'डी'. डल्सीनं पहाटे पाचलाच भाजून जाड फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या, अजून कोमट.

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"बघतोस काय," डल्सी म्हणाली, "खा. गार होतील."