बाबांची आडवी रेघ

बाबा जन्मभर शाळामास्तर. अर्धांगवायूनंतर उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी लिहिणंच टाकलं. पेन्शनच्या कागदावरसुद्धा अंगठा! ते माझ्याकडे परदेशात, डून लेरी या गावी आले तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं, यांच्या हातून सही करून घेतल्याशिवाय परत पाठवायचं नाही.

म्हणून डार्ट या लोकल गाडीच्या स्टेशनजवळच्या हॉलमधे चिनी ब्रशलेखनाचा क्लास असतो, तिथे त्यांना अक्षरशः ओढत नेलं. शिकवणाऱ्या चिनी बाई सत्तरीच्या, मोजकं बोलणाऱ्या. पहिला धडा नुसती आडवी रेघ. त्यांच्यात एक हा आकडा तसाच लिहितात. ब्रश टेकवायचा, पुढे न्यायचा, दाबून थांबायचं. रेघ तीच, पण प्रत्येक हाताची वेगळी, असं बाई म्हणाल्या. बाबा मान खाली घालून रेघा ओढत राहिले. मला आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

पुढच्या आठवड्यात कागद तपासून आला. लाल शाईचे गोलच गोल! तेही नेमके जिथे हात थरथरला होता त्या रेघांभोवती. नीट आलेल्या दोन-तीन तेवढ्या सोडल्या होत्या. बाबांनी शाळेत हेच केलेलं, चूक दिसली की लाल गोल. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "चल. पुरे झालं हे."

त्यांना बाहेर बाकावर बसवून मी तणतणत आत गेले. आजारी माणसाच्या चुका अशा रंगवून दाखवतात का, म्हणून बाईंना चांगलंच सुनावलं. बाई थक्कच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे लाल गोल आवडलेल्या रेघेला करतात." हात थरथरला तरी रेघ तुटली नव्हती, आणि असा कंप मुद्दाम आणायला लोक वर्षानुवर्षं झटतात, असंही म्हणाल्या.

बाहेर येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी घडी उलगडली, एकेका गोलावरून बोट फिरवलं. "मी एकाही पोराला असा गोल दिला नाही गं," म्हणाले आणि रडायलाच लागले. बाबांना रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि कागद मांडीवर ठेवून कोपऱ्यात सही केली. वेडीवाकडी, पण पूर्ण. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ, कुठे गोल करण्याजोगं आहे का."