जांभळा की गुलाबी

महानंदा मूळची निपाणीची. लग्न होऊन बेंगळुरूला आली आणि मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागली. पहिल्या वर्षाच्या पोरांना जिवाणू रंगवायला शिकवावं ते तिनंच. काचपट्टीवर थेंब पसरायचा, पट्टी ज्योतीवरून फिरवायची, जांभळा रंग, मग आयोडीन. स्पिरिटनं धुवायची वेळ आली की ती प्रत्येकाच्या मागे जाऊन उभी राहायची. "स्वल्प, जरा हात राखून! जास्त धुतलंत तर जांभळे जिवाणूसुद्धा रंग सोडतात. मग शेवटी लावायचा गुलाबी रंग त्यांच्यावर चढून तुम्हाला फसवणार."

परीक्षेच्या दिवशी पहिल्या वर्षाच्या रम्यानं स्लाइड दाखवली. महानंदानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"सगळे गुलाबी. जास्त धुतलंस. परत कर."

रम्या रडवेली झाली. "मॅडम, जांभळे आहेत. नीट बघा ना."

बाहेरून आलेले परीक्षक नरसिंहराव उठून आले, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, जांभळेच आहेत. अगदी स्वच्छ."

महानंदानं पुन्हा डोळा लावला. मधोमध एक मळकट ठिपका होता. आधी तिला वाटलं, भिंगावर तेल राहिलंय. तिनं भिंग पुसलं. ठिपका तिथंच. तिनं दुसरा डोळा लावला. तिथंही तसंच, जरा फिकट. रम्याला पूर्ण गुण देऊन ती खुर्चीत बसली, ती कुणी हाक मारेपर्यंत उठलीच नाही.

जयनगरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, रंगही त्यामुळेच चुकत होते. गेलेली नजर परत येणार नव्हती.

ऑटोत नवरा शिवकुमार म्हणाला, "वर्गात शिकवता येईल की तुला. सगळं पाठ आहे."

"पाठ आहे हो," ती म्हणाली. "पण मला ते बघायला आवडायचं."

त्यानं तिचा हात धरला.

प्रयोगशाळा तिनं स्वतःहून सोडली. सामान आवरायला गेली, तेव्हा रम्या तिथं सराव करत होती. दारात बाईंना पाहून ती गडबडीनं उठली.

"त्या दिवशी मी तुला उगाच रडवलं गं," महानंदा म्हणाली.

"असू दे मॅडम. बघता का? आत्ताच स्लाइड लावलीय."

महानंदा सूक्ष्मदर्शकाजवळ गेली, पण वाकली नाही. "तूच सांग. काय दिसतंय?"

"गोल आहेत. घोसच्या घोस. जांभळे."

"कडा?"

"स्पष्ट आहेत मॅडम."

"छान जमलंय तुला," एवढंच ती म्हणाली. पिशवी खांद्याला लावून ती जिन्याकडे वळली. रम्या धावत मागे आली, पण महानंदानं मानेनंच नको म्हटलं आणि कठडा चाचपत एकेक पायरी उतरू लागली.