युद्धखर्चात न धरलेला प्रल्हाद

प्रल्हाद भालेराव गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. वर कुणाच्या तरी नातवाचं बारसं, खाली डाळिंबाच्या सालीचे फायदे, आणि मध्ये अध्यक्षांची 'भावपूर्ण श्रद्धांजली', तीही प्रल्हाद भालेकर यांना! कुणी चूक दाखवली नाही. जोडलेले हात भराभरा पडले आणि तासाभरात तीच मंडळी कोणत्या देशाने कोणावर बॉम्ब टाकायला हवेत यावर भांडायला लागली. काचीगुड्यात, पंख्याखाली बसून, पोहे खात. मला अक्षरशः किळस आली. महिना उलटला, अजून गेलेली नाही.

प्रल्हाद माझ्या गल्लीतला. मूळचे नांदेडकडचे, बौद्ध घर, वडील रेल्वेत. इथल्याच, आबिड्स बाजारातल्या एका एजंटाने त्याला दुबईच्या हॉटेलात नोकरी म्हणून नेलं आणि उतरवलं थेट वाळवंटात, परक्या फौजेच्या छावणीत. सहा वर्षं त्याने तिथल्या शिपायांचे गणवेश धुतले. धुलाईच्या शेडमागे एक भला मोठा खड्डा होता. छावणीचा सगळा कचरा, प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, त्यात तेल ओतून जाळायचे. "ताई, तो धूर बंदच नसायचा. वाळत घातलेले कपडे काळे, की परत धुवा," असं हसत सांगायचा. परत आला तो खोकला घेऊनच. जन्मात बिडीला हात न लावलेल्या माणसाला इथले डॉक्टर पहिलं विचारायचे, दिवसाला किती ओढता? त्या शिपायांना धुराची भरपाई मिळते असं त्याने कुठूनतरी ऐकलं, म्हणून त्याने छावणीच्या धुलाईचं कंत्राट असलेल्या कंपनीकडे अर्ज केला. उत्तर आलं, आमच्या कागदांवर तुम्ही दुबईत हॉटेल कर्मचारी आहात, छावणीत नव्हताच. झालं! एजंट कधीच गाशा गुंडाळून पसार झाला होता. प्रल्हादला आता एकच हवं होतं... तो तिथे होता असं सांगणारा एखादा कागद.

तेवढ्यात मंडळाचा वार्षिक वादविवाद आला. 'परकी युद्धे आणि दहशतवादविरोधी खर्च : गरज की उधळपट्टी?' विषय माझाच, कारण मंडळाची चिटणीस मी. प्रल्हाद घरी आला. "ताई, मला बोलू द्या. तुमच्या स्मरणिकेत सगळं छापून येतं नं? अध्यक्षाची सही, मंडळाचं नाव... मंग तो कागदच झाला की." स्मरणिका! सुलतान बाजारच्या सराफांच्या जाहिराती आणि कुणाच्या तरी युरोप सहलीचं वर्णन, आणि हा त्याला पुरावा समजत होता. मला हसू आलं. तरी म्हटलं, ये.

आमच्याकडे ठरलेल्या वक्त्याला आठ मिनिटं, श्रोत्यांतून उठलेल्याला तीन, मग घंटा. पुण्याहून इकडे आलेले एक आयटीतले गृहस्थ पडद्यावर आलेख दाखवत होते. अब्जांच्या खाली त्यांची जीभ उतरत नव्हती. दहशतवाद संपवायचा तर किंमत मोजावीच लागते, म्हणाले. कुणी मोजायची, ते सांगितलं नाही. विरोधी बाजूच्या बाईंना तेवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या ते तोंडपाठ. टाळ्या दोघांनाही. मग प्रल्हाद उठला. "मी तिथं होतो," म्हणाला, आणि उबळ आली. निम्मा वेळ खोकण्यातच गेला. "तुमच्या त्या खर्चात मी कुठं बसतो, तेवढं सांगा..." घंटा वाजली. आयटीवाले गोड हसून म्हणाले, "काका, वैयक्तिक अनुभव बाजूला ठेवून मुद्द्यावर बोलू या." आणि सगळ्या सभागृहाने माना डोलावल्या. निर्लज्ज लेकाचे!

आता माझं. स्मरणिकेतला वृत्तान्त मी लिहिला. आलेख दोन पानं खाऊन बसले, ऐन वेळी एका सराफाची जाहिरात आली, आणि मी प्रल्हादचा परिच्छेद काढून एक ओळ ठेवली : 'एका श्रोत्यानेही मनोगत व्यक्त केले.' त्याचं बोलणं दख्खनी वळणाचं, ते 'शुद्ध' करत कोण बसणार, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू? अंक घेऊन तो दारात आला. "ताई, माझं नाव दिसंना." मी म्हटलं, पुढच्या वर्षी सविस्तर घेऊ. "हौ ताई," म्हणाला, आणि पायरीपायरीवर थांबत जिना उतरला. ग्रुपवरच्यांना मी शिव्या घालते, पण त्यांनी चुकीचं का होईना, नाव तरी टाकलं. मी तेवढंही केलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेले. खिडकीशी त्याची खुर्ची होती. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून शेवटचे महिने तिथेच बसून काढले त्याने. त्याच्या बायकोने, शोभाने, खुर्चीवरची फाइल उचलून माझ्या मांडीवर ठेवली. ती तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तिला मराठी वाचता येत नाही. आत एक्स-रे, पासपोर्ट, आणि सगळ्यांत वर प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली ती स्मरणिका.

"ताई, तुम्ही ह्यांचं नाव छापून आणलं, लई खूष होते," शोभा म्हणाली. "म्हणायचे, आता कागद झाला, मी नसलो तरी तू अर्ज लाव. कोणतं पान आहे ते? झेरॉक्स काढायची आहे."

मी पानं उलटत राहिले... पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून परत पहिल्यापर्यंत. शेवटी म्हटलं, "चष्मा घरी राहिला गं."

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.