सेटिंगची फाइल आणि ओरगडमचा मंत्र

सांगते, पण एका अटीवर. ओरगडमच्या कारखान्यात तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर त्याला यातलं अक्षरही सांगायचं नाही. तिथे माझी अजून इज्जत आहे. आणि ती का आहे, हाच तर सगळा घोटाळा!

मी चेन्नईत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चेन्नईबाहेर ओरगडमला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी लेबलं छापायचा प्रोग्राम मी लिहिला. लेबल चिकटल्याशिवाय तिथे सीट पुढे सरकत नाही. पहिल्या दिवशी प्रोग्राम नीट चालला तर पुढच्या कारखान्याचं काम माझ्या एकटीच्या हातात येणार होतं. गोविंदराव सरांच्या देखरेखीशिवाय! त्या 'शिवाय'साठी मी काय वाटेल ते केलं असतं.

गोविंदराव सर म्हणजे तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडचेच. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं, जुन्या बखरीतलं पान उठून चालायला लागलंय. आमचं वाजलं ते एवढ्याशा गोष्टीवरून: प्रोग्रामने आपली सेटिंगची फाइल शोधायची कुठे? प्रिंटर कुठला, लेबलाच्या डोक्यावर काय लिहायचं, सगळं त्या फाइलमध्ये असतं.

"एकच जागा ठेव मा," सर म्हणाले. 'मा' म्हणजे तिकडचं 'बाळ'. "सर्वांस ठाऊक असलेली. तेथे फाइल नसेल तर प्रोग्रामने बोंब मारावी."

"सर, तो जमाना गेला! तीन जागी शोधायचं. आधी प्रोग्राम जिथून सुरू केला तो फोल्डर, मग वापरणाऱ्याचा स्वतःचा फोल्डर, मग मशीनचा सामायिक फोल्डर. पहिली सापडेल ती घ्यायची."

"मग कोणची घेतली, ते तरी पडद्यावर सांगू दे."

"कशाला? प्रोग्राम आहे की लग्नातली आत्या, सगळं बोलून दाखवायला?"

सर चष्मा पुसत बसले. मला वाटलं, जिंकले!

मग कारखान्यात चाचणी झाली. खाली जागा नव्हती म्हणून चाचणीचा जादाचा प्रिंटर वरच्या मीटिंगच्या खोलीत ठेवला होता. देवनागरी अक्षरं नीट उमटतात का ते बघायचं होतं, आणि सरांवरचा राग ताजा होता. मी लेबलाच्या डोक्यावर लिहिलं, 'कळत नसेल तर मध्ये बोलू नये.' ओरगडममध्ये वाचणार कोण? उमटलं झकास. लेबलं फाडून टाकली आणि घरी आले.

लेबलं फाडली. फाइल नाही.

मुख्य दिवशी मी खरी फाइल मशीनच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली, ऐटीत बटण दाबलं. खालच्या प्रिंटरमधून काहीच नाही! पुन्हा दाबलं. काही नाही.

"एन्न मॅडम, लेबल वरलै?" सुपरवायझर सेल्वम. लेबल का येत नाही, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्यामागे सीटांची रांग लागायला लागली.

मी फाइल उघडली, प्रिंटरचं नाव तपासलं, बदललं, पुन्हा पहिल्यासारखं केलं. दाबलं, दाबलं, दाबलं! मग मी प्रिंटरवर घसरले. मग वायरवर. मग इलेक्ट्रिशियनवर. मग सेल्वमवर.

"कुणीतरी माझ्या फाइलला हात लावलाय!"

"मॅडम, इथे आम्ही चहालाही हात लावलेला नाही सकाळपासून," सेल्वम म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावरून गोविंदराव सर उतरले. प्लांटच्या मोठ्या साहेबांबरोबर त्यांची वर मीटिंग होती, हे मला कुणी सांगायचं? सरांच्या हातात लेबलांची लांबलचक पट्टी. अर्धी मनगटाला गुंडाळलेली, उरलेली जिन्यावरून फरफटत येतेय. प्रत्येक लेबलावर ठळक अक्षरात तेच वाक्य.



"तुझ्या स्वतःच्या फोल्डरात पाहिलेस?" सर हळूच म्हणाले.

पाहिलं. चाचणीची फाइल, वरच्या प्रिंटरचं नाव घेऊन, तिथे आरामात बसली होती. मी माझ्याच नावाने लॉगिन केलेलं. प्रोग्रामला ती आधी सापडली. मी दुरुस्त करत होते तिसऱ्या जागेची फाइल, आणि तो बापडा वाचत होता दुसऱ्या जागेची. मी सांगितलं होतं अगदी तसंच! जुनी फाइल उडवली, बटण दाबलं, खालून लेबल सरसर बाहेर आलं.

सुटले म्हणेपर्यंत मोठे साहेब आले. त्यांच्यामागे एक माणूस चंदन आणि कुंकवाची ताटली घेऊन. साहेबांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की मी मागे वळून बघितलं, कोण आलंय!

"सर, यांना काय सांगितलंत?" मी मराठीत पुटपुटले.

"विचारीत होते, हे काय छापते आहे. म्हटले, नवे मशीन सुरू करतांना हिच्या मुलुखात असा मंत्र छापतात. मग काय सांगू? माझीच पूजा बांधली आहे म्हणून?"

साहेबांनी एक लेबल कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवलं, वर कुंकू लावलं. सेल्वमने चपला काढल्या. आणि साहेब हात जोडून म्हणाले, "मॅडम, छापून काय होतं? मंत्र म्हणायला हवा."

म्हटला! सगळ्या लाइनसमोर, डोळे मिटून, आरतीच्या चालीवर. "कळत नसेल तर… मध्ये बोलू नये…"

"अजून मोठ्याने, मा," सर मागून म्हणाले. "जिच्यासाठी आहे, तिला ऐकू जाऊ दे."

पुढच्या कारखान्याचं काम मिळालं मला. एकटीला. परवा तिथल्या साहेबांचा फोन आला. प्रोग्रामबद्दल त्यांनी चकार शब्द विचारला नाही. फक्त म्हणाले, मंत्राला किती वेळ लागेल आणि मॅडम नारळ घेऊन येणार की आम्ही आणायचा?